डाव्या बाजूचे नट

१

गंजलेला नट न मोडता सुटला की मिस्त्री त्याचे आभार मानायचे. अगदी तोंडाने. "उपकार झाले, बाबा," म्हणत त्याला डब्यात टाकायचे आणि पुढच्या नटाकडे वळायचे. जन्म बोटींच्या इंजिनांत गेला होता. तिथे कोण कधी दगा देईल याचा नेम नाही, मग जो देत नाही त्याला दोन शब्द बरे बोलावेत, एवढाच त्यांचा हिशेब. मिस्त्रीणबाई कुणापुढेही सांगायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चहाबद्दल ह्यांच्या तोंडून कधी एक शब्द नाही. नटांचं नशीब बघा."

ही बोट जावयाची. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांना नवी नोकरी लागली होती आणि येत्या रविवारी ते, लेक आणि नुकती कुठे पालथी पडायला लागलेली नात, असे तिघे याच बोटीने कायमचे तिकडे निघाले होते. मधे अर्ध्या दिवसाचं पाणी. केबिनमध्ये नातीची झोपायची जागा केली होती ती इंजिनाला लागून, मधे फक्त एक फळी. त्यामुळे मिस्त्रींनी हे इंजिन ज्या काळजीने बांधलं, तशी काळजी त्यांनी स्वतःच्या दुखण्याचीही कधी घेतली नव्हती. भंगारातून आणलेलं धूड त्यांनी पार सुटं केलं, घासलं, पुसलं, झिजलेलं सगळं बदललं आणि पुन्हा उभं केलं.

राहिले होते मॅनिफोल्ड. इंजिनाच्या दोन्ही कुशींना बिडाच्या जाडजूड नळ्या बसवलेल्या असतात, त्या सिलिंडरमधला धूर गोळा करून मागे बाहेर सोडतात. तापू नयेत म्हणून त्यांच्या अंगातून खारं पाणी खेळवतात, आणि खारं पाणी म्हणजे घरभेदी. जुन्या मॅनिफोल्डला वरून रंग टकाटक होता, पण हातोडी मारली तर आवाज आला बद्द. मिस्त्रींनी मान हलवली आणि नवे मागवले.

जुने उतरवल्यावर इंजिनाच्या अंगावर भोकं उघडी पडतात. त्यांत चुकून एखादा वायसर पडला तर सगळं इंजिन पुन्हा खोलायची पाळी, म्हणून प्रत्येक भोकात कापडाचा बोळा कोंबून ठेवायचा आणि नवा मॅनिफोल्ड चढवण्याआधी काढून घ्यायचा. मिस्त्रींनी एक जुनी चादर फाडून बोळे केले. उजवीकडचं सगळं डोळ्यांना दिसत होतं. डावीकडे मात्र इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यात मांजर शिरणार नाही इतकीच फट, तिथलं काम चाचपून. जावई दिवा धरायला होते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह कोपरापर्यंत काळा होऊन सासऱ्याला पाने देत बसायचा, आणि मिस्त्रींना त्याचंही मनातून फार कौतुक होतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू चढल्या. नट मापात आवळले, आणि प्रत्येक नटावरून तो ज्या आट्यांच्या दांडीवर बसतो त्या स्टडवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं. शेडला कुलूप लावून मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली. बोटांच्या टोकांना हल्ली मुंग्या यायच्या, कधी कधी काही कळायचंच नाही. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. वय झालं की व्हायचंच, त्यात काय सांगायचं.

२

सकाळी कुलूप जागच्या जागी होतं. शेड धक्क्याच्या टोकाला, पत्र्याची, एकच दार आणि वर दोन काचा. बोट मधोमध लाकडी टेकूंवर उभी. मिस्त्री शिडी चढून वर गेले, इंजिनावरचं झाकण उचललं आणि तसेच थांबले.

डाव्या मॅनिफोल्डचे नट काढलेले होते. झाकणाशेजारच्या फळीवर ते ओळीने मांडले होते, प्रत्येकाशेजारी त्याचा वायसर. ओळ अशी की मागच्या टोकाचा नट पहिला आणि मग क्रमाने पुढचे. मॅनिफोल्ड मात्र स्टडवर तसाच टेकलेला, पडला नव्हता की कलला नव्हता. फळीवर नटांखाली थोडं पाणी साचलं होतं.

मिस्त्रींनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. बोट अजून पाण्यात उतरलीच नव्हती.

जावई आले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "जावईबापू, चेष्टा सासऱ्याची करावी, इंजिनाची नाही."

"कसली चेष्टा, बाबा?"

"हे नट."

जावयांनी ओळ पाहिली, सासऱ्याकडे पाहिलं. "मी काल तुमच्याबरोबरच बाहेर पडलो की. किल्ली तुमच्याकडे."

"मग काय भुताने सोडले?"

"तुम्हीच पुन्हा बघायला म्हणून सैल केले असतील आणि..." जावई तिथेच थांबले. माणूस सज्जन. पण अर्धं वाक्य पुऱ्यापेक्षा जास्त लागतं, हे सज्जनांना कळत नाही. मिस्त्रींनी नट पुन्हा चढवले, मापात आवळले, नव्या रेघा ओढल्या. काम करताना मनात मात्र एकच किडा वळवळत होता. आपण नट कधी मांडून ठेवत नाही. आपण डब्यात टाकतो, खण्णकन.

३

दुसऱ्या सकाळी तेच. कुलूप जागेवर, उजवी बाजू जशीच्या तशी आणि डावीकडचे नट ओळीत, मागचा पहिला. रेघा सगळ्या मधोमध तुटलेल्या. एकाही नटाचा कोपरा पान्याने खरवडला नव्हता. इतक्या सफाईने नट सोडणारा माणूस मिस्त्रींच्या ओळखीत एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

चहा घेताना त्यांनी अंदाज घेत विचारलं, "मी रात्री उठतो का गं?"

"उठता की. पाणी प्यायला, आणि माझं पांघरूण ओढायला," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तसं नाही. बाहेर जातो का?"

त्यांनी हातातलं काम थांबवून नवऱ्याकडे नीट पाहिलं. "रात्रभर माझ्या कानाशी घोरत होतात. माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, लेक चालली म्हणून. दाराची कडी निघाली असती तर मला ऐकू आलं नसतं? काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्यालाच काहीतरी झालेलं असतं," त्या म्हणाल्या, पण पुढे ताणलं नाही.

दुपारी जावई शिडीवर अर्धे वर आले, पायऱ्यांशीच घुटमळले. "बाबा, राग मानू नका. धक्क्यापलीकडचा तो दुसरा मेकॅनिक आहे ना, त्याला एकदा नजर टाकायला सांगू का? तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण बाळ आहे बरोबर."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. राग आला असता तर बरं झालं असतं. पण बाळ आहे बरोबर, हे तर ते स्वतःच स्वतःला रोज सांगत होते. ते म्हणाले, "उद्याचा दिवस द्या. नाही जमलं तर बोलवा, मीच त्याला चहा पाजीन."

जावई गेल्यावर त्यांनी पुन्हा आवळायला घेतलं. कुणीतरी आपलं केलेलं काम रोज उलटं करतंय. कुणाचं काय वाकडं केलं आपण? तेही फक्त डावीकडचं का? मागच्या टोकापासूनच का? नटाला नट लागत गेला आणि फटीतून गार हवेचा एक झोत मनगटावर येत राहिला. दार तर बंद होतं.

४

पुढच्या दिवशी नट पुन्हा ओळीत सापडले. मिस्त्रींनी ते निमूट चढवले, आणि या खेपेला घरी गेलेच नाहीत. दुपारचं जेवण झाल्यावर जावयाला पाठवून दिलं, दार आतून लावलं आणि बोटीत इंजिनाशेजारी उलट्या बादलीवर बसले. टळटळीत दुपार. वरच्या काचांतून ऊन सरळ इंजिनावर पडलं होतं. दिवसाढवळ्या कुणाची काय बिशाद, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि कान मात्र टवकारले.

बराच वेळ फक्त पत्रा तापून तडतडत होता. मग तो आवाज आला.

कट्. कट्. कट्.

रॅचेटचा. तो आवाज त्यांना झोपेतही कळला असता. पाना पुढे जातो तेव्हा गप्प, मागे येतो तेव्हा कट्. त्यांनी समोर पाहिलं. त्यांचा रॅचेट फडक्यावर आडवा पडला होता, जिथे त्यांनी ठेवला तिथेच. आवाज डाव्या फटीतून येत होता, अगदी मागून.

पत्रा असेल. पाण्याची लाट धक्क्यावर आपटत असेल. मिस्त्रींनी सगळी कारणं एकेक करून स्वतःला सांगून पाहिली, पण पत्र्याला लय नसते. या आवाजाला होती. थोडं फिरवायचं, थांबायचं, नट किती सुटला ते बघायचं, मग पुन्हा.

त्यांच्याकडे लांब दांड्याचा एक छोटा आरसा होता, डोळा पोचत नाही तिथे बघायला. एका हातात आरसा, दुसऱ्यात बॅटरी घेऊन ते पालथे झाले आणि आरसा फटीत सरकवला. आधी नुसता उजेडच हलला. मग मॅनिफोल्डची मागची कड दिसली आणि तिच्यावरचा शेवटचा नट दिसला.

नट फिरत होता. त्याच्यावर दोन बोटं आणि अंगठा होता.

बोटं ओली होती. फिकट, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी, पण नखं नीट कापलेली. मिस्त्रींना पहिल्यांदा वाटलं, आपलाच हात आरशात दिसतोय. मग आठवलं की आपले दोन्ही हात गुंतलेले आहेत. त्यांनी आरसा जरा वळवला. मनगट जिथे खाली वळायला हवं होतं तिथून ते वर गेलं होतं, बोटीच्या दोन फासळ्यांमधून, सरळ भिंतीच्या फळीत. त्याच्या पुढचं आरशात मावत नव्हतं आणि आरसा आणखी वळवायचं बळ मिस्त्रींच्या अंगात नव्हतं.

बोटं थांबली. कुणीतरी बघतंय हे त्यांना कळलं होतं. मग नट सुटला आणि तो चिमटीत धरून त्यांनी मिस्त्रींच्या दिशेने पुढे केला.

५

भीतीने मिस्त्रींना देवाचं नावसुद्धा आठवेना. पण जन्मभर ज्याने कारागिरांची कामं पाहिली त्याचं डोकं अशा वेळीही आपलं काम सोडत नाही. ते म्हणालं, अरे, नासधूस करणारा वायसर मांडून ठेवत नाही. आकसाने सोडणारा नटाचे कोपरे जपत नाही. हे कुणी मोडतंय असं नाही. हे कुणी खोलतंय. आणि कुणी इंजिन खोलतं ते आत काहीतरी बघायचं असतं म्हणून.

मिस्त्रींनी बॅटरी खाली ठेवली. हात फटीत घातला, डोळे मिटून घेतले. तळव्यावर नट पडला, थंडगार आणि ओला.

"बरं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "तुम्ही मागून घ्या. मी पुढून घेतो."

तुम्ही का म्हटलं, कुणास ठाऊक. कामाच्या माणसाला अरे-तुरे करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी रॅचेट उचलला आणि पुढचे नट सोडायला घेतले. मागून कट्कट् चालूच होती. मिस्त्री दमून थांबले की तीही थांबायची.

शेवटचा नट निघाला. बिडाचा तो मॅनिफोल्ड एकट्याने उचलणं त्यांच्या वयाच्या माणसाचं काम नव्हतं. चढवतानाही जावई होते म्हणून जमलं होतं. त्यांनी पुढचं टोक धरलं, आणि मागचं टोक आपोआप वर आलं. इतक्या सांभाळून आलं की सांध्यातून धूर गळू नये म्हणून मधे घातलेला पॅकिंगचा कागद कुठे फाटला नाही. मॅनिफोल्ड फळीवर टेकवून मिस्त्रींनी बॅटरी आणि आरसा घेतला आणि भोकं पाहिली. पहिलं मोकळं. पुढचं मोकळं. अगदी मागच्या, अंधारातल्या भोकात कापड होतं.

चादरीचा बोळा. त्यांनीच कोंबलेला.

काढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बोटांनी चाचपलं होतं, आणि बोटं म्हणाली होती, काही नाही. ज्या बोटांना मुंग्या येतात, ज्यांच्याबद्दल घरात सांगितलं नाही, त्या बोटांवर त्यांनी विश्वास ठेवला होता.

पुढचं त्यांना शिकवायची गरज नव्हती. रविवारी इंजिन जरा रखडत सुरू झालं असतं, मग बोळा जळून आतल्या आत पुढे सरकला असता आणि इंजिन ठीक चालू लागलं असतं. सगळे म्हणाले असते, झालं. आणि मधल्या पाण्यात कुठेतरी तो जळका गोळा धुराच्या नळीच्या मागच्या वळणात अडकला असता. धुराला वाट मिळाली नसती. त्याने पॅकिंग फोडलं असतं आणि फळीच्या फटीतून केबिनमध्ये शिरला असता. त्यातला जो वायू माणसाला मारतो त्याला वास नसतो. फळीपलीकडे नात झोपलेली असती, शेजारी लेकही लवंडली असती.

मिस्त्रींनी बोळा ओढून काढला, छातीशी धरला आणि लहान मुलासारखे रडले. नटांचे आभार मानणाऱ्या माणसाला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. फटीत शांत होतं. फक्त एक थेंब कुठेतरी टपकत होता, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

६

संध्याकाळी त्यांनी लेकीला आणि जावयाला बसवून बोळा पुढे ठेवला. "हा माझ्याकडून आत राहिला होता," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता कळत नाही. बरेच दिवस झाले. सांगायची लाज वाटली. तिकडे गेल्यावर माझ्या हातचं काहीही असो, दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घेत जा."

लेक त्यांच्याजवळ येऊन बसली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बोटं चोळत राहिली. जावई म्हणाले, "पण तुम्हाला सापडला ना, बाबा. तेवढं पुरे आहे."

"मला नाही सापडला," मिस्त्री म्हणाले. जावयांना वाटलं, सासऱ्यांचा हा विनय.

त्यानंतर नट कुणी सोडले नाहीत. नव्या पॅकिंगवर मॅनिफोल्ड चढला, या खेपेला प्रत्येक भोक डोळ्यांनी पाहून. रेघा सकाळी अखंड होत्या. मिस्त्रींना हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

रविवारी बोट पाण्यात उतरली. किल्ली फिरवताच इंजिन असं लागलं की धक्क्यावरच्या लोकांनीही वळून पाहिलं. मागून धूर आणि पाणी हवं तसं बाहेर पडत होतं. मिस्त्रीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला तो काही धुरामुळे नाही. मिस्त्रींनी इंजिन चांगलं तापू दिलं आणि बंद करून निवू दिलं. नवे मॅनिफोल्ड एकदा तापून निवले की नट थोडे ढिले पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. तेवढं झालं की निघायचं. जावई दोर धरायला धक्क्यावर उतरले. लेक नातीला घेऊन वर डेकवर बसली.

मिस्त्री टॉर्क पाना घेऊन खाली वाकले. हा पाना मापाला पोचला की कट् करतो. उजवीकडचा प्रत्येक नट थोडा थोडा फिरला, मग पान्याने कट् केलं. हे नेहमीचंच. मग ते डावीकडे वळले. पहिल्या नटाला पाना लावला, आणि जोर द्यायच्या आतच कट्. दुसरा, तसाच. पुढचा, तसाच. एकही नट केसभर फिरला नाही. कुणीतरी आधीच आवळून ठेवले होते, अगदी मापात.

राहिला मागच्या टोकाचा. मिस्त्रींनी फटीत हात घातला आणि चाचपू लागले. बोटांना काही कळेना. बीड कुठे, नट कुठे, सगळं एकच. त्यांनी हात आणखी आत सरकवला, खांदा लाकडावर घासला.

कुणीतरी त्यांची बोटं धरली.

ओली, गार बोटं. त्यांनी मिस्त्रींची बोटं हळूच उचलली, थोडी मागे नेली आणि नटावर टेकवली. आणि मिस्त्रींना ते जाणवलं. तो गारवा, त्या कातडीच्या सुरकुत्या, नटाचा एकेक कोपरा, सगळं बोटांच्या टोकांना लख्ख कळलं. कित्येक दिवसांत काही कळलं नव्हतं. हा एक नट सैल होता. तो त्यांच्यासाठी ठेवला होता.

अंगावर काटा उभा राहिला तो जाईना, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. त्यांनी दुसऱ्या हाताने पाना लावून ओढला. पलीकडून कुणीतरी आधार दिल्यासारखा तो सरळ फिरला. कट्.

"उपकार झाले," मिस्त्री फटीत तोंड घालून म्हणाले. "बाळ आहे बरोबर. लक्ष असू द्या."

बोटांवरची पकड जरा घट्ट झाली आणि सुटली.

"बाबा," वरून लेकीने विचारलं, "सगळे नट बघितले ना?"

"बघितले. दोघांनी बघितले."

लेकीने धक्क्याकडे पाहिलं. जावई दोन्ही हातांत दोर धरून तिथेच उभे होते.